संन्याशाची फाशी टळली!



‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. गुन्हा एकाचा आणि शिक्षा भलत्यालाच! वर्गात फळ्यावर रेघोट्या कुणी मारल्या ते कळत नाही. मग ज्याच्या हाताला खडू लागलेला दिसतो, त्याचंच नाव सगळे घेतात. तो बिचारा कदाचित गणित सोडवून आलेला असतो.

आज ‘हे कसं चालतं?’ या आपल्या सदरात अशाच एका संन्याशाची गोष्ट सांगणार आहे. हा संन्यासी माणूस नाही, बरं का! ती आहे संगणकातली एक आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम. तिचं नाव ई-१०००-ई. नाव जरा विचित्रच आहे. पण २००८ साली या नावाने जगभरच्या संगणकतज्ज्ञांची झोप उडवली होती.

ड्रायव्हर, पण एसटीचा नव्हे

ई-१०००-ई हा एक ‘ड्रायव्हर’ आहे. ड्रायव्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एसटीचा चालक येतो. संगणकातला ड्रायव्हर मात्र दुभाष्याचं काम करतो. संगणकाला छपाईयंत्र जोडा, कॅमेरा जोडा, नाहीतर इंटरनेटची तार जोडा. प्रत्येक यंत्राची बोली वेगळी. संगणकाने सांगितलेलं त्या यंत्राला त्याच्या बोलीत समजावून सांगणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. तो नसेल तर यंत्र समोर असूनही मुकं आणि बहिरं.

आपला ई-१०००-ई इंटेल कंपनीच्या नेटवर्क कार्डांचा दुभाषी. इंटरनेटची तार संगणकात जिथे खोचतो ना, त्यामागचा भाग म्हणजे नेटवर्क कार्ड.

फराळाचा डबा

आता हा ड्रायव्हर राहतो कुठे? तर लिनक्समध्ये. फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्डस नावाचा विद्यार्थी होता. १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने संगणक चालवणारी एक मूळ आज्ञावली लिहिली आणि सगळ्या जगासाठी खुली केली. कुणीही वाचावी, कुणीही सुधारावी! या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. (हा लष्करातला कर्नल नव्हे!) तुमच्या घरी अँड्रॉइडचा मोबाइल असेल, तर त्याच्याही पोटात हाच लिनक्सचा गाभा आहे.

पण नुसता गाभा घेऊन काय करणार? लिहायला काही हवं, चित्र काढायला काही हवं, इंटरनेट पाहायला काही हवं. म्हणून काही संस्था आणि कंपन्या कर्नल आणि हजारो आज्ञावल्या एकत्र करून, तपासून, नीट बांधून लोकांना देतात. याला लिनक्सचं ‘डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात. दिवाळीच्या फराळाचा डबा आठवा. चकली एका घरची, करंजी दुसऱ्या घरची, लाडू तिसऱ्या. डबा भरणारा मात्र एक. चकली खवट निघाली, तर ती केली कुणीही असो, तक्रार डबा देणाऱ्याकडेच येते! उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, डेबियन हे असेच प्रसिद्ध डबे.

‘बाबा’ जुळेना!

२००८ चा सप्टेंबर महिना. कर्नलची २.६.२७ ही नवी आवृत्ती तयार होत होती. अशी आवृत्ती पक्की होण्याआधी अनेक हौशी लोक ती आपल्या संगणकावर वापरून पाहतात आणि दोष कळवतात. कुणी पैसे देत नाही, तरी करतात. अशा लोकांना एक भयंकर गोष्ट दिसली. इंटेलचं नेटवर्क कार्ड असलेले काही संगणक नवी आवृत्ती चालवल्यावर तारेवरच्या इंटरनेटला कायमचे मुकले! संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी तेच. जुनी आवृत्ती परत घातली तरीही तेच.

असं का झालं? नेटवर्क कार्डाकडे स्वतःची एक छोटी कायमची वही असते. वीज गेली तरी तिच्यातलं पुसलं जात नाही. कार्डाचा ओळख-क्रमांक आणि कामाच्या बाकीच्या खुणा त्या वहीत असतात. आणि या वहीत लबाडी किंवा बिघाड झाला तर ओळखायची एक गंमतीदार युक्तीही असते. वहीतल्या पहिल्या ६४ संख्यांची बेरीज करायची. उत्तर ठरलेलं आलंच पाहिजे. आपल्या दशमान पद्धतीत ते उत्तर आहे ४७८०२. (बेरीज फार मोठी झाली तर वरचे हातचे सोडून द्यायचे.) पण संगणकवाले सोळाच्या पाढ्यात मोजतात. त्यांना दहा अंक पुरत नाहीत, म्हणून ते ए, बी, सी, डी, ई, एफ ही इंग्रजी अक्षरंही अंक म्हणून वापरतात. त्या पद्धतीत ४७८०२ कसे लिहितात माहीत आहे? बी-ए-बी-ए. म्हणजे चक्क ‘बाबा’!

ड्रायव्हर सुरू होताना आधी बेरीज करून पाहतो. ‘बाबा’ आला, की पुढचं काम. नाही आला, तर वहीत गडबड आहे असं समजून तो कार्ड सुरूच करत नाही. बिघडलेल्या संगणकांत नेमकं हेच होत होतं. वहीत कुणीतरी भलतंसलतं खरडून ठेवलं होतं.

आणि वहीजवळ सदैव वावरणारा कोण? ई-१०००-ई. मग काय! संशय कुणावर येणार, ते सांगायलाच नको. सगळीकडे या बिघाडाचं नावच पडलं ‘ई-१०००-ई चा बिघाड’.

आधी नळ बंद, मग गळती शोधा

इथे त्या तज्ज्ञांनी जे केलं, ते मला फार आवडतं. घरात पाइप फुटून पाणी वाहू लागलं, तर आपण आधी ‘कुणी फोडला?’ म्हणून भांडत बसतो का? आधी मुख्य नळ बंद करतो. तसंच त्यांनी केलं. उबुंटूने आपल्या चाचणीच्या आवृत्तीत हा ड्रायव्हर काही काळ बंदच करून टाकला. म्हणजे इंटेलचं कार्ड असलेल्या चाचणीकरांना तारेवरचं इंटरनेट मिळणार नव्हतं. पण कार्ड तरी शाबूत राहणार होतं. शिवाय लोकांना सांगण्यात आलं, की आपल्या कार्डाच्या वहीची एक नक्कल आधीच काढून ठेवा. ज्यांच्याकडे नक्कल होती, त्यांना बिघडलेली वही पुन्हा लिहून काढण्याची सोय राहिली.

पण ड्रायव्हर कायमचा बंद ठेवून कसं चालेल? उबुंटूची नवी आवृत्ती ऑक्टोबरच्या अखेरीस यायची होती आणि ही कार्डं तर असंख्य संगणकांत होती. दिवस थोडे, काम मोठं.

मग इंटेलच्या अभियंत्यांनी पहिली दुरुस्ती लिहिली. त्यांनी वहीला कुलूप घातलं! ड्रायव्हर सुरू झाला की वहीवर लिहिण्याचा दरवाजा बंद; वाचता येईल, लिहिता येणार नाही. हे कुलूप २.६.२७ पक्की होण्याआधीच कर्नलमध्ये गेलं. ९ ऑक्टोबर २००८ ला २.६.२७ बाहेर आली.

आता कुणाला वाटेल, झालं, संपली गोष्ट! पण कुलूप घातलं म्हणजे चोर सापडला असं होत नाही. वहीत खरडणारा कोण, हे अजून नक्की ठरलं नव्हतं. आज तो या वहीत खरडतोय, उद्या दुसऱ्याच यंत्राच्या वहीत खरडेल.

अर्धे-अर्धे करत शोध

जुन्या आवृत्तीत बिघाड नव्हता, नव्या आवृत्तीत आहे. मधल्या काळात कर्नलमध्ये दहा हजारांहून जास्त बदल झाले होते. त्यातला वाईट बदल कोणता? एकेक तपासत बसलं तर जन्म जाईल.

यासाठी एक सुंदर रीत आहे. मधोमधचा बदल घ्यायचा आणि तिथपर्यंतचा कर्नल चालवून पाहायचा. बिघाड दिसला तर दोष पहिल्या अर्ध्यात, नाही दिसला तर दुसऱ्या अर्ध्यात. मग उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. असं करत गेलं की दहा हजारांतून एक शोधायला जेमतेम चौदा फेऱ्या लागतात. वहीवर गणित करून पाहा, खरं वाटेल.

पण इथे एक अवघड गोष्ट होती. प्रत्येक फेरीत खरंखुरं कार्ड बिघडण्याची भीती! शिवाय बिघाड दर वेळी होईलच असंही नव्हतं. तरी धीर धरून शोध घेत गेले आणि बोट येऊन थांबलं ते नेटवर्कशी काडीचाही संबंध नसलेल्या एका भागावर. त्याचं नाव एफट्रेस.

एफट्रेस हा कर्नलमधला नोंदनीस. कर्नल कोणतं काम कधी करतो, हे टिपून ठेवणारा. २.६.२७ मध्ये तो नवाच आला होता. त्याचा मुख्य कर्ता स्टीव्हन रोस्टेड.

मॉनिटर, यादी आणि घंटा

आता नीट लक्ष द्या. एफट्रेस काय करायचा, ते आपण शाळेच्या भाषेत समजून घेऊ.

समजा, बाईंनी मॉनिटरला एक यादी दिली. ‘या या जागांवर पाट्या ठेवल्या आहेत. प्रत्येक पाटीवर फुली आहे. तिथे जा आणि फुलीच्या जागी शून्य कर. फुली नसेल, तर जे असेल ते तसंच राहू दे.’ किती सोपं काम! यात काय बिघडणार?

पण मॉनिटर निघेपर्यंत काही पाट्या उचलून ठेवल्या गेल्या. त्या फक्त सकाळच्या प्रार्थनेपुरत्या हव्या होत्या. रिकाम्या झालेल्या जागी शिपाईमामांनी विजेच्या घंटेचं बटण बसवलं. यादीत मात्र ती जागा तशीच राहिली. पत्ता जुना, वस्तू नवी!

मॉनिटर तिथे गेला. फुली दिसली नाही. ‘जे आहे ते तसंच ठेवायचं’ म्हणून त्याने जे होतं तेच पुन्हा गिरवलं. पाटीवर ‘अ’ होता आणि त्यावर पुन्हा ‘अ’ गिरवला, तर काय बिघडतं? काहीच नाही. पण घंटेच्या बटणावर बोट ठेवलं तर? घणघणघण! सगळी शाळा सुटली!

संगणकात अगदी असंच झालं. कर्नलचे काही भाग फक्त सुरुवातीला लागतात. काम झालं की त्यांची स्मृतीतली जागा मोकळी करतात. अशा मोकळ्या झालेल्या जागेचा पत्ता एफट्रेसच्या यादीत तसाच राहिला. तोच पत्ता पुढे नेटवर्क कार्डाच्या वहीकडे जाणाऱ्या वाटेला मिळाला. आणि ‘तपासा, जुळलं तर बदला’ असं सांगणारी प्रोसेसरची जी आज्ञा एफट्रेस वापरत होता, ती जुळलं नाही तरी वाचलेलं मूल्य पुन्हा लिहून टाकते. साध्या स्मृतीत हे कुणाला कळतही नाही. पण कार्डाच्या वाटेवर ‘लिहिणं’ म्हणजे हुकूम देणं. घंटेचं बटण दाबलं गेलं आणि वही खराब झाली!

म्हणजे संन्यासी निर्दोष होता. आणि गंमत अशी, की चोरसुद्धा खरा चोर नव्हता. एफट्रेस आपलं काम सांगितल्याप्रमाणे करत होता; त्याची यादी तेवढी शिळी झाली होती.

लगेच पुढचं पाऊल पडलं. १५ ऑक्टोबर २००८ ला २.६.२७.१ ही छोटी आवृत्ती आली. तिच्यात एफट्रेसचा हा जागा बदलत फिरणारा भाग बंद करण्यात आला. ३० ऑक्टोबर २००८ ला उबुंटूची ८.१० ही आवृत्ती ठरल्या दिवशी आली, ती ई-१०००-ई ला सोबत घेऊनच. आणि त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या २.६.२८ मध्ये यादी करण्याची पद्धतच बदलली. आता यादी चालत्या संगणकात होत नाही, कर्नल तयार करतानाच होते.

दुरुस्तीचा प्रवास

आता तुम्ही विचाराल, ‘बाई, दोष सापडला, दुरुस्ती लिहिली, मग ती थेट डब्यात का नाही घालत?’ प्रश्न बरोबर आहे. उत्तरही ऐका.

दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ! आम्ही शिक्षक लाल शाईने चुकीचा शब्द खोडून वर बरोबर शब्द लिहितो ना, तसाच तो असतो. जी ओळ काढायची तिच्याआधी वजाचं चिन्ह, जी घालायची तिच्याआधी अधिकचं. सोबत हे ठिगळ का हवं, याचं साध्या शब्दांत स्पष्टीकरण. आणि खाली लिहिणाऱ्याची सही. ही सहीची रीत २००४ पासून सुरू झाली. सहीचा अर्थ, ‘हे देण्याचा मला अधिकार आहे आणि याची जबाबदारी माझी.’

पहिला थांबा, त्या ड्रायव्हरची देखभाल करणारी मंडळी. ती तपासतात, शंका विचारतात, कधी परतही पाठवतात. दुसरा थांबा, नेटवर्क विभागाचे प्रमुख. तिसरा, स्वतः लिनस टोरवाल्डस यांचा मुख्य साठा. वाटेत ठिगळ तपासून पुढे पाठवणाऱ्यांच्या सह्याही त्यावर वाढत जातात.

चौथा थांबा, ‘स्थिर’ आवृत्ती. इथले नियम कडक. ठिगळ आधी मुख्य साठ्यात गेलेलं हवं, शंभर ओळींपेक्षा मोठं नको, आणि लोकांना खरोखर छळणारा दोष त्याने सुटायला हवा. ‘मला वाटलं म्हणून घातलं’ चालत नाही.

पाचवा थांबा, आपला फराळाचा डबा, म्हणजे डिस्ट्रिब्युशन. उबुंटूचीच रीत पाहा. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीतली दुरुस्ती आधी एका वेगळ्या चाचणीच्या कप्प्यात ठेवतात. ज्यांच्याकडे तो दोष होता, ते ती घालून ‘दोष गेला, नवीन काही बिघडलं नाही’ असं कळवतात. साधारण किमान ७ दिवस वाट पाहून मगच ती सर्वांच्या संगणकांत जाते.

एवढा उशीर कशाला? कारण दुरुस्तीनेही बिघाड होऊ शकतो! एफट्रेस चांगल्या हेतूनेच आला होता ना? आणि सगळी दुरुस्ती मूळ साठ्यातच का? कारण गावाच्या टाकीत कचरा पडला, तर प्रत्येकाने आपापल्या नळाला फडकं बांधून भागत नाही. टाकी साफ केली, की सगळ्या घरांना चांगलं पाणी. एका डब्यासाठी केलेली दुरुस्ती उगमाशी पोहोचली, तर ती उबुंटूलाही मिळते, फेडोरालाही, आणि उद्या निघणाऱ्या एखाद्या नव्या डब्यालाही.

शिक्षा कुणाला झाली?

कुणालाच नाही! हेच मला तुम्हांला सांगायचं आहे. इंटेलचे लोक ‘आमचा दोष नाही’ म्हणून हात झटकून बसले नाहीत. त्यांच्या वहीला कुलूप नव्हतं, ते त्यांनी घातलं. रोस्टेड यांनीही लपवाछपवी केली नाही. एफट्रेसमुळे कार्डं कशी बिघडली, हे त्यांनी उघडपणे सांगितलं आणि तो भाग नव्या पद्धतीने लिहिला. आज ई-१०००-ई ही कर्नलमध्ये आहे आणि एफट्रेसही. आणि ज्यांची कार्डं बिघडली त्यांनी वेळेवर कळवलं, म्हणून ती शिळी यादी लाखो लोकांच्या संगणकांत जाण्याआधी पकडली गेली.

‘कुणी केलं?’ हा प्रश्न आपल्याला फार लवकर सुचतो. त्यांनी तीन वेगळे प्रश्न विचारले. नुकसान आत्ता कसं थांबेल? ते नेमकं झालं कसं? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? आईबाबांनो, घरात कपबशी फुटली, रिमोट बंद पडला, की हे तीन प्रश्न तुम्हीही विचारून पाहा. मुलं खरं सांगायला घाबरणार नाहीत.

करून पाहा

१. मित्राला १ ते १०० मधली एक संख्या मनात धरायला सांगा. अर्धे-अर्धे करत प्रश्न विचारा. जास्तीत जास्त सात प्रश्नांत ती सापडायलाच हवी. न सापडल्यास कुठे चुकलं ते शोधा!

२. घरातली किंवा शाळेतली एखादी बिघडलेली वस्तू निवडा आणि तिची तक्रार फक्त चार ओळींत लिहा. मी काय केलं? काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? पुन्हा केल्यावर तसंच होतं का? अट एकच. त्यात कुणाचंही नाव घ्यायचं नाही!

तुमची चार ओळींची तक्रार आईबाबांना, नाहीतर वर्गाच्या बाईंना वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला एकही शंका विचारावी लागली नाही, तर समजा, तुमचं ठिगळ पहिल्या थांब्यावर पास झालं.

बरं तर, पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या बाई